धावपळीत आशा हरवते का?

प्रश्न : पहाटे प्रार्थनेसाठी लावलेला गजर मी रोज बंद करते आणि पुन्हा झोपते. नोकरी, मुलांचा अभ्यास, सासूबाईंची औषधे यांतच दिवस संपतो. पवित्र शास्त्रातील खुणेची फीत तीन आठवडे एकाच पानावर आहे. रविवारी उपासनेला बसले तरी मनात सोमवारची कामे चालू असतात. ख्रिस्तावरची आशा माझ्यात उरलीच नाही की काय, अशी भीती वाटते.
— एक वाचक भगिनी

उत्तर : तुमच्या पत्रात आशा आणि आशेची जाणीव या दोन गोष्टी एकमेकींत मिसळल्या आहेत. जाणीव थकव्याबरोबर कमी-जास्त होते. झोप अपुरी झालेल्या माणसाला पहाटे कशातच उमेद वाटत नाही आणि त्याचा अविश्वासाशी काही संबंध नसतो. ख्रिस्ती आशेचा आधार आपल्या मनःस्थितीत नसून ख्रिस्ताच्या पुनरुत्थानात, म्हणजे घडून गेलेल्या घटनेत आहे. पवित्र शास्त्रातील इब्री लोकांस पत्रात (६:१९) तिला जिवाचा नांगर म्हटले आहे. नांगर टाकला म्हणून होडी हलायची थांबत नाही आणि होडीत बसलेल्याला तो दिसतही नाही.

येशूचे जीवन सांगणाऱ्या मार्कच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय मला तुमच्या पत्राच्या फार जवळचा वाटतो. सेवेहून परतलेल्या प्रेषितांभोवती, म्हणजे येशूने पाठवलेल्या शिष्यांभोवती, लोकांची इतकी ये-जा होती की त्यांना जेवायलाही सवड मिळेना, तेव्हा येशूने त्यांना एकांतात जाऊन थोडा विसावा घ्यायला सांगितले. ते होडीने निघाले खरे. पण लोक पायी धावत त्यांच्याआधीच तेथे पोहोचले आणि ठरवलेला विसावा हुकला. येशू चिडला नाही. मेंढपाळ नसलेल्या मेंढरांसारखे ते लोक पाहून त्याला कळवळा आला, त्याने त्यांना शिकवले, भाकरी वाटून झाल्या, शिष्यांना होडीने पुढे पाठवले, समुदायाला निरोप दिला आणि त्यानंतर तो प्रार्थनेसाठी डोंगरावर गेला. पहाटे उठून केलेल्या त्याच्या प्रार्थनेचा उल्लेख याच शुभवर्तमानात आहे (१:३५), परंतु या दिवशी प्रार्थनेला संध्याकाळ उलटून गेली. पहाटेचीच प्रार्थना खरी, हा आपल्यात रुजलेला समज मला फारसा पटत नाही. तुमचा गजर खुशाल बंद ठेवा आणि घर निजल्यावरची दहा मिनिटे राखून पाहा.

‘निरंतर प्रार्थना करा’ असे थेस्सलनीका शहरातील मंडळीला पत्रात लिहिणारा, आरंभीच्या काळातला ख्रिस्ती प्रचारक पौल तंबू करण्याचा व्यवसाय करत असे, आणि आपण रात्रंदिवस कष्ट केल्याचे त्याने त्याच पत्रात नमूद केले आहे. म्हणजे ती आज्ञा रिकाम्या वेळेत बसून लिहिलेली नाही. औषधाची गोळी सासूबाईंच्या हातावर ठेवताना त्यांचे नाव घेऊन एक वाक्य प्रभूजवळ बोललात, तर तीही प्रार्थनाच होईल. त्यांना ऐकू जाईल असे बोललात तर अधिक बरे. सोमवारच्या कामांचे म्हणाल, तर उपासनेला निघण्यापूर्वी ती कागदावर उतरवून कागद घरीच ठेवावा.

राहता राहिली ती फीत. जुने पान पूर्ण करण्याचा हट्ट सोडून ती आज मार्कच्या सहाव्या अध्यायात ठेवा. तिसाव्या वचनापासून सेहेचाळिसाव्यापर्यंतच वाचा. सतरा वचनांना पाच मिनिटेही लागत नाहीत.