धुळ्यात आग्रा रोडच्या गल्लीत फ्लॅट घ्यावा की देवपूरला?

तुम्ही विचारलंय की आईवडील सोबत आहेत, बजेट तेवढंच आहे, तर आग्रा रोडजवळच्या गल्लीतला जुना टू बीएचके घ्यावा की देवपूरला नवीन स्कीममधे. मी नऊ वर्षं गल्लीतल्या अपार्टमेंटमधे दुसऱ्या मजल्यावर राहतोय. लिफ्ट असेल तर गल्लीतच घ्या.

माझं कारण आई. आधी आम्ही साक्री रोडला कॉलनीत होतो, तिथं अंगण बिंगण सगळं होतं पण मेथीची जुडी आणायची तरी तिला मी दुकानातून येईपर्यंत वाट बघावी लागायची. इथं ती स्वतः खाली उतरते, दळण टाकते, मेडिकलमधून गोळ्या घेते, येताना तीनचार जणी "जेवन व्हयनं का वो माय" करत थांबवतात आणि अर्ध्या तासाच्या कामाला दीड तास लागतो. गुडघे दुखतात तरी रोज जाते.

चालायला सोपं पडतं ते आखणीमुळं. 1818 ला खान्देश इंग्रजांकडं गेला, मग कॅप्टन ब्रिग्जने धुळं मुख्यालय केलं आणि जुन्या धुळ्याशेजारी सरळ रस्त्यांची नवी पेठ वसवली. म्हणून आजही पत्ता म्हणजे नुसता गल्ली नंबर. वडिलांना वाचायची आवड असेल तर राजवाडे मंडळसुद्धा चालत जाता येतं, इतिहासाचार्य राजवाडे 1926 ला धुळ्यातच गेले ना, त्यांचा संग्रह तिथं आहे.

त्रास पण सांगतो. वाडे पाडून तेवढ्याच अरुंद जागेत बिल्डिंगी उभ्या राहिल्या, त्यामुळं खाली बाईक लावता येते, कारचं विसरा. भिंतीला भिंत असल्यानं मधल्या खोलीत अंधार असतो, फ्लॅट भर दुपारी लाईट बंद करून बघा. नळाला पाणी रोज येत नाही, टाकी किती लिटरची आणि किती घरांत आहे ते विचाराच. आणि वरचा मजला नको भाऊ, पूर्वी धाब्याच्या घरात वरती माती असायची, घर थंड राहायचं, आता मे महिन्यात 44 डिग्रीला स्लॅब रात्री दोनपर्यंत तापलेला असतो.

टोकन द्यायच्या आधी एकदा आईवडिलांना संध्याकाळी सातला आणा, गर्दी असते तेव्हा, आणि लिफ्टनं नको, जिन्यानं चढवा, कारण लाईट गेली की तोच जिना चढायचाय.