एडमंटनच्या गॅरेजात सुतारकाम: हीटर घ्यायच्या आधी

मला दादा म्हणालास, म्हणून सरळ अरेतुरे करतो. बायकोच्या नोकरीमुळे तुम्ही सप्टेंबरात इकडे कॅनडात एडमंटनला येताय, भाड्याच्या घरामागे सुटं गॅरेज आहे आणि फाउंड्रीसाठी लाकडी पॅटर्न, म्हणजे ओतकामाचे नमुने, करणाऱ्या तुझ्या हाताला तिथे काम हवंय. तू तीन गोष्टी विचारल्यास: कोल्हापूरची हत्यारं आणू का, हीटर केवढा घेऊ, आणि सिलिंडरवर चालणारा हीटर स्वस्तात मिळतोय तो चालेल का. शेवटचं आधी सांगतो, कारण त्यात जीव जातो. नाही चालणार.

लाल सिलिंडर आपण लहानपणापासून स्वयंपाकघरात बघतो, त्यामुळे त्याची भीती मोडलेली असते. गळला की वास येतो, आई खिडक्या उघडते, संपलं. पण तो वास गॅसमध्ये मुद्दाम मिसळलेला असतो. कोंडलेल्या जागेत हवा अपुरी पडून गॅस जळाला की जो कार्बन मोनॉक्साइड होतो, त्याला ना वास ना रंग. बंद बाथरूममध्ये गॅस गीझर लावून अंघोळीला गेलेला माणूस बाहेर आलाच नाही, अशा बातम्या आपल्याकडे थंडीत वाचल्या असशील. हे तेच. दार फटभर उघडं ठेवा असं सगळे सांगतात, पण बाहेर उणे २५ असताना ती फट कोण ठेवतंय? डोकं जड होतं, मळमळतं, माणसाला वाटतं आज जरा दमलो. कोळशाची शेगडी यातच आली. गॅरेजचं दार लावून गाडी 'जरा तापू दे' म्हणून चालू ठेवणंही यातच.

समजा, नशिबाने काही झालं नाही, तरी तुझी हत्यारं जातील. सिलिंडरमधला एक किलो प्रोपेन गॅस जळताना दीड किलोहून जास्त पाण्याची वाफ सोडतो. ती वाफ जाते कुठे? फ्रीजमधल्या बाटलीवर थेंब जमतात तशी गारठलेल्या लोखंडावर बसते. माझ्या शेजाऱ्याने असा हीटर दोन दिवस वापरला, तिसऱ्या दिवशी त्याच्या टेबल सॉच्या बिडाच्या पत्र्यावर हळदकुंकू सांडल्यासारखा गंज होता. शिवाय सिलिंडर घरात किंवा गॅरेजात ठेवायचा नाही, बाहेरच ठेवायचा, असा इथला नियम आहे.

मग वीज. इथे मी स्वतः तोंडघशी पडलोय, तेव्हा नीट ऐक.

दुसऱ्या हिवाळ्यात मी दुकानातून १५०० वॅटचा साधा पंख्याचा हीटर आणला. इथे घरातली वीज १२० व्होल्टची, म्हणजे तो एकटा साडेबारा अँपिअर ओढतो, आणि सर्किट असतं १५ अँपिअरचं. गॅरेजातल्या सॉकेटवर करवत चालवायची होती म्हणून हीटरसाठी घरातून नारिंगी एक्स्टेन्शन वायर ओढली. ब्रेकर पडला नाही, म्हणून मी खूश. तासाभराने गॅरेजात सुक्या बोंबलाचा वास यायला लागला. मी देवरुखचा, मला वाटलं आठवण येतेय. जानेवारीत एडमंटनला बोंबील कुठून? खिसे हुंगले, डबा हुंगला. शेवटी वायरचं गुंडाळं हातात घेतलं तर भाकरीसारखं गरम, आणि हीटरचा प्लग काढायला गेलो तर प्लास्टिक मऊ होऊन सॉकेटला चिकटलेलं, एका दांड्याभोवती करपून तपकिरी झालेलं. खाली चार बोटांवर रंध्याच्या सालपटांचा ढीग होता. विजेच्या जोडणीतलं प्लास्टिक तापलं की पुष्कळदा असाच मासळीचा वास येतो, हे मला नंतर कळलं. तेव्हा एडमंटनमध्ये कधी बोंबलाचा वास आला तर आधी ब्रेकर पाड.

हीटर थेट भिंतीच्या सॉकेटमध्येच लाव, एक्स्टेन्शन नाही, पॉवर स्ट्रिप तर नाहीच. त्याच सर्किटवर दुसरं काही नको. हीटरच्या चहूबाजूंनी एक मीटर मोकळं ठेव. पण खरं सांगायचं तर १५०० वॅटने दोन गाड्यांचं गॅरेज तापत नाही, फक्त आपली पोटरी तापते. अशा गॅरेजाला, आणि तेही भिंतींच्या पोकळीत ऊब धरणारा थर भरलेला असेल तरच, ५ किलोवॅटचा छताला टांगायचा हीटर बरा पडतो. तो २४० व्होल्टवर जवळजवळ २१ अँपिअर घेतो आणि सतत चालणारा म्हणून त्याला ३० अँपिअरचा ब्रेकर आणि त्याला साजेशी जाड वायर लागते. हे वायरमनचं काम. घरमालकाची लेखी परवानगी घे, पालिकेचं परमिट काढून घे, आणि भाडेकरूचा विमा काढशील तेव्हा गॅरेजात लाकूडकाम करतो हे लपवू नकोस. लाकडाच्या स्टोव्हचं कोणी डोक्यात घातलं तर सोडून दे. लाकडाचा भुसा, थिनर आणि पेट्रोलची गाडी असलेल्या जागेत उघडी आग नको.

आता हीटरपेक्षा महत्त्वाचं. फुटक्या घागरीत पाणी भरायचं नाही. सुट्या गॅरेजांच्या भिंती आतून पुष्कळदा उघड्याच असतात: लाकडी खांब, त्यावर बाहेरून फळी, मध्ये काही नाही. असं असेल तर हीटर कितीही मोठा घे, तू एडमंटन तापवत बसशील. खांबांच्या मधल्या पोकळीत फायबरग्लासच्या गाद्या भरायच्या (हातमोजे, मास्क आणि पूर्ण बाह्यांचा शर्ट, नाहीतर आठवडाभर खाजवशील), त्यावर आतल्या बाजूने, म्हणजे उबेकडच्या बाजूने, जाड प्लास्टिक सलग लावायचं, म्हणजे आतली दमट हवा भिंतीत शिरून गोठत नाही, आणि त्यावर ड्रायवॉल, म्हणजे जिप्समचे तक्ते. प्लास्टिक किंवा फोम उघडा ठेवायचा नाही, तो झपाट्याने पेट घेतो. सगळ्यात जास्त ऊब छतातून जाते, तिथे जाड थर घाल. आणि मोठं दार! भिंती भरून लोक दाराखालची रबरी पट्टी तशीच फाटकी ठेवतात. रात्री आत दिवा लावून बाहेरून बघ, जिथून उजेड दिसेल तिथून ऊब जातेय.

पण भाड्याच्या घरात एवढा खर्च करू नकोस. पहिला हिवाळा माझ्या मते असा काढ: इथल्या घरांना तळघर असतं आणि ते गरम असतं. मालक हो म्हणाला तर रंधा, पटाशी, जोडणी, फेव्हिकॉल हे सगळं तळघरात कर, आणि करवत व सँडिंग गॅरेजात, उणे पाच-सात असेल त्या दिवशी, तासभर. अंगात थरावर थर घाल, पायाखाली जाड रबरी मॅट टाक. पाय सिमेंटवर गारठले की वर कितीही हीटर लावलास तरी थंडी वाजतेच.

गॅरेज वीस अंशांवर ठेवायची गरज नाही. मी थर्मोस्टॅट ५ वर ठेवतो आणि कामाच्या तासभर आधी १५ वर करतो. एकदम शून्याच्या खालून वर आणलंस तर पुन्हा तोच गंजाचा खेळ. बर्फाने माखलेली गाडी आत घेतलीस की ती वितळून तोच ओलावा देते, वर रस्त्यावरचं मीठ. डिंक आणि पाण्याचे रंग गोठले की वाया जातात, आणि दहाएक अंशांच्या खाली लावलेला डिंक खडूसारखा पांढरा वाळतो, सांधा धरत नाही. लाकूडही थंड नको, नुसती हवा गरम असून भागत नाही. ड्रिलच्या लिथियम बॅटऱ्या शून्याखाली चार्ज करायच्या नाहीत. हे सगळं घरात ठेव.

हीटर कुठलाही असो, त्यावर भुसा बसू द्यायचा नाही. सँडिंगच्या वेळी मी हीटर बंद करतो, धूळ खाली बसली की झाडतो, मगच पुन्हा लावतो. दर रविवारी गार हीटरची जाळी ब्रशने साफ. जवस तेलाची फडकी चुरगळून टोपलीत टाकू नकोस, ती आपोआप तापून पेटतात. पसरून बाहेर वाळव, किंवा झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात पाणी भरून त्यात बुडव. धूर-अलार्मसोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म घरात हवाच. गॅरेजात लावायचा तर त्यावर छापलेली तापमानाची मर्यादा वाच, घरगुती अलार्म बहुतेक ४ अंशांच्या खाली भरवशाचे नसतात.

पुढे स्वतःचं घर घेतलंस तर नळाच्या गॅसवरचा, छताला टांगायचा हीटर बघ. ज्याची ज्वाळा पेटीत बंद असते, जळायला हवा बाहेरून घेतो आणि धूर बाहेरच सोडतो, तोच घे. धुळीच्या जागेत दुसरा नको. घरापासून सुट्या गॅरेजापर्यंत पाइपसाठी चर खणावा लागतो, आणि नोव्हेंबरात जमीन दगड होते, तेव्हा हे उन्हाळ्याचं काम, आणि गॅसफिटरचंच.

थंडी केवढी? सगळे दिवस भीषण नसतात. पण १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी पारा उणे ४० च्या आसपास होता आणि अल्बर्टात, म्हणजे आमच्या प्रांतात, सगळ्यांचे फोन एकदम कर्कश वाजले: विजेच्या जाळ्यावर ताण आहे, जमेल तेवढी वीज बंद करा. मी गॅरेजातला हीटर बंद करून आलो. सेल्सिअस आणि फॅरनहाइट उणे ४० ला एकच होतात, त्यामुळे त्या रात्री अमेरिकेतल्या मेव्हण्याशी पहिल्यांदाच आकडा न बदलता बोललो. गॅरेजच्या भिंती भरलेल्या होत्या म्हणून सकाळी आत अजून शून्याच्या वर होतं.

हत्यारांचं: मोटरवालं काहीही आणू नकोस. आपली वीज २३० व्होल्ट ५० हर्ट्झ, इथली ६० हर्ट्झ. ट्रान्सफॉर्मरने व्होल्टेज जुळवशील, हर्ट्झ नाही. हाताची मात्र आण: रंधे, पटाश्या, तुझी आकसपट्टी. फाउंड्रीत आटणाऱ्या धातूचा हिशोब धरून आखलेली ती मोजपट्टी इथल्या साध्या दुकानात शोधत फिरशील. पाती तेलकट कापडात गुंडाळून चेक-इन बॅगेत टाक, हातातल्या बॅगेत टाकलीस तर विमानतळावरच जातील.

आलास की फोन कर. भिंती भरायच्या ठरल्या तर सप्टेंबरचे दोन शनिवार मी येतो, माझ्याकडे स्टेपलर आणि जादा मास्क आहेत.