चार महिन्यांत कळांवरची अक्षरं गेली

प्रश्न : जानेवारीत ५८ हजारांचा नवा लॅपटॉप घेतला. घरून मराठी टायपिंगची कामं करते, इनस्क्रिप्ट या कळांच्या मांडणीवर. मे महिन्यातच इंग्रजी 'ई' (E) आणि 'डी' (D) या कळा तेल लावल्यासारख्या चकाकू लागल्या, 'ई'ची मधली रेघ तर पुसूनच गेली. सर्व्हिस सेंटरवाले म्हणतात, "वापरातली झीज, वॉरंटीत बसत नाही." वर विचारलं, नखं वाढवता का? फार लागलं मनाला. काय करू?
– एक वाचक, सांगली

उत्तर : ताई, चूक तुमची नाही. इनस्क्रिप्टमध्ये काना 'ई'वर आणि हलन्त 'डी'वर. मराठीच्या दोन ओळी टाइप करून पाहा, बोट तिथंच किती वेळा जातं! एबीएस प्लास्टिकच्या कळा घर्षणानं गुळगुळीत होतात, हे खरं. पण चार महिन्यांत अक्षरच उडावं? हा छपाईचा कच्चेपणा आहे, असं माझं स्पष्ट मत आहे. आणि टायपिंगसाठी घेतलेल्या यंत्रावर टायपिंग केलं, हा काय गुन्हा झाला?

आजच कळांचे जवळून फोटो काढा, बिल जोडून कंपनीला ईमेल करा. नकार आला तर तोही लेखीच मागा. दाद लागली नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ला फोन लावा. त्यापुढे जिल्हा ग्राहक आयोग. तक्रारीची मुदत २ वर्षं, ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही, वकीलही सक्तीचा नाही.

तोवर बाहेरचा यूएसबी कीबोर्ड जोडून काम चालू ठेवा. कळांवर स्टिकर मात्र इतक्यात लावू नका, पुरावा झाकला जाईल.