वर्गणी थांबवली की आधी पैसे भरलेल्या वर्षांचे ई-जर्नलचे अंकही बंद होतात का?

करारात 'पर्पेच्युअल ॲक्सेस'चं, म्हणजे पैसे भरलेल्या वर्षांचे अंक कायम वाचू देण्याचं, कलम नसेल तर हो, वर्गणी संपली की पैसे भरलेल्या वर्षांचे अंकही बंद होतात. छापील अंक निदान कपाटात उरतो. इथे बहुतेकदा आपण फक्त मुदतीपुरता वाचण्याचा हक्क घेतो. सांगलीतल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात वर्गण्यांचं रिन्युअल मी बघते, म्हणून सांगते: बिलावर शोधू नका, तिथे जर्नलचं नाव, वर्ष आणि रक्कम एवढंच असतं. लायसन्सची, म्हणजे प्रकाशकाशी झालेल्या कराराची, प्रत काढा आणि 'टर्मिनेशन' (करार संपणं) खाली काय लिहिलंय ते वाचा. जर्नल थेट प्रकाशकाकडून घेतलं असेल तर हे कलम मिळण्याची शक्यता बरी असते. अनेक प्रकाशकांची जर्नल्स एकत्र देणाऱ्या डेटाबेसमधून घेतलं असेल तर आशा कमीच, कारण तिथून जर्नल मधेच काढूनही घेतलं जातं. कलम असलं तरी काही प्रकाशक जुन्या अंकांसाठी दरवर्षी प्लॅटफॉर्म फी, म्हणजे त्यांची वेबसाइट वापरण्याचे पैसे, मागतात, हेही आधीच विचारून घ्या.

मात्र अंक उघडत नाहीत म्हणजे हक्क गेलाच असं धरू नका. प्रकाशक बहुतेकदा कॉलेजला त्याच्या स्टॅटिक आयपीवरून, म्हणजे इंटरनेट जोडणीच्या ठरावीक क्रमांकावरून, ओळखतो. कॉलेजने इंटरनेट कंपनी बदलली की हा आयपी बदलतो, आणि प्रकाशकाकडे जुनाच नोंदलेला असतो. नवा आयपी आणि पैसे भरलेल्या वर्षांची बिलं जोडून प्रकाशकाला मेल करा. कॉलेज सरकारी असेल तर १ जानेवारी २०२५ पासून सुरू झालेल्या 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' या केंद्र सरकारच्या सामायिक वर्गणी योजनेच्या यादीत ते जर्नल आहे का, तेही पाहा.