तृतीयपंथी रुग्ण व्यसनमुक्ती केंद्रातून मधेच निघून का जातात? केंद्राने काय बदलावं?

तुम्ही केंद्रात समुपदेशक आहात आणि तुमचा प्रश्न थोडक्यात असा: दारूसाठी दाखल झालेले तृतीयपंथी रुग्ण पहिला आठवडा बरे राहतात, मग एकदम "मला सोडा" म्हणून हटून बसतात. जे महिना काढतात तेही बाहेर पडल्यावर पंधरा दिवसांत परत पितात. कार्यक्रम सगळ्यांना एकच, मग यांनाच तो का लागू पडत नाही?

माझं उत्तर: पैसे देण्याच्या तारखा बघा. बालपण, घरच्यांनी हाकललं, लिंगओळखीचा झगडा हे सगळं खरं आहे आणि त्यावर बोलायलाच हवं. पण समुपदेशक तिथून सुरुवात करतो तेव्हा समोरच्याच्या डोक्यात खोलीचं भाडं घोळत असतं. मुंबई, ठाणे, पुण्यात जी मंडळी मंगतीवर म्हणजे लोकांकडे पैसे मागून, किंवा धंद्यावर म्हणजे देहविक्रीवर जगतात त्यांचा हिशेब रोजचा असतो. समजा दिवसाला ६०० रुपये सुटतात. त्यातूनच गुरूचा (जिच्या आधाराने जमातीत राहायचं तिचा) वाटा, भाडं, व्याज, भिशी, गावी आईला पाठवायचे. वर रेल्वेत पकडलं जाण्याची भीती आहेच. गाडीत भीक मागायला रेल्वे कायद्याच्या कलम १४४ खाली मनाई आहे. तीस दिवस दाखल राहायचं म्हणजे १८,००० रुपये आले नाहीत आणि देणं मात्र एकही थांबलं नाही. नोकरदाराला आजारपणाची रजा असते. इथे महिनाभर जागेवरून उठलं की सिग्नल दुसऱ्याचा होतो.

म्हणून दाखल करण्याआधी, निदान दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी डोकं ताळ्यावर आल्यावर, एक कागद घ्या आणि चार रकाने आखा: कुणाला द्यायचे, किती, कोणत्या तारखेला, आणि नाही दिले तर काय होईल. चौथा रकाना सगळ्यात महत्त्वाचा. भाडं थकलं तर घरमालक सामान बाहेर काढेल की पंधरा दिवस थांबेल? २०,००० चं कर्ज महिन्याला दहा टक्क्यांनी असेल तर नुसतं व्याज २,००० आहे, आणि वसुलीला माणूस येणार की फोन? रुग्ण नवव्या दिवशी निघून जाते तेव्हा या कागदावर बहुतेक दहाव्या दिवशीची एखादी तारीख सापडते. ती आधी दिसली तर एक फोन करून महिनाभर पुढे ढकलता येते. नंतर दिसून काही उपयोग नाही.

दाखल होण्याचा महिनाही बघून ठरवा. दिवाळीच्या आधीचे आठवडे बाजारात दुकानोदुकानी पैसे मागण्याचे, वर्षाची मोठी कमाई तेव्हाच. पश्चिम महाराष्ट्रातल्या जोगत्यांचं, म्हणजे यल्लम्मा देवीच्या सेवेकऱ्यांचं, नवरात्र आणि सौंदत्तीची यात्रा तशीच. त्या दिवसांत जिवावरचं दुखणं नसेल तर भरती करू नका, टिकणार नाही. यात्रा उरकल्यावरची तारीख आजच ठरवून ठेवा आणि तोवर बाह्यरुग्ण म्हणून बघा.

आता गुरूबद्दल. समुपदेशकांचा एक आवडता समज असतो की गुरू म्हणजे शोषण करणारी बाई, तिच्यापासून रुग्णाला तोडलं की निम्मं काम झालं. काही ठिकाणी शोषण असतंच. पण आजारपणात डबा आणणारी, मेल्यावर मातीला येणारीही बहुधा तीच. पिऊन तमाशा केल्याबद्दल जमातीत दंड बसतो आणि तो भरून भरून गुरूही वैतागलेली असते, म्हणजे ती तुमच्या बाजूची असू शकते. रुग्णाची परवानगी घेऊन तिला बोलवा. एचआयव्हीची गोष्ट तिला माहीत आहे का, हे आधी रुग्णालाच विचारा, नाहीतर तुमच्या एका वाक्याने डेरा, म्हणजे गुरूचं घर, सुटेल. गुरूकडे पैसे मागू नका. दोनच गोष्टी मागा: महिनाभर हिची जागा राखून ठेवा, आणि या महिन्याचा वाटा माफ करा किंवा पुढे ढकला. दुसरीला नकार आला तरी पहिलीला होकार मिळाला तर मोठं काम झालं.

इथे कायद्याचा फार कमी वापर होतो. मानसिक आरोग्यसेवा कायदा, २०१७ मध्ये दारू आणि अमली पदार्थांमुळे येणारे मानसिक विकार मानसिक आजारातच धरले आहेत. त्याच्या कलम १४ खाली कुणीही सज्ञान व्यक्ती साध्या कागदावर सही किंवा अंगठा करून आपला नामनिर्देशित प्रतिनिधी, म्हणजे उपचाराच्या निर्णयात साथ देणारा माणूस, ठरवू शकते. तो रक्ताचाच हवा असं काही नाही. गुरू, गुरुबहीण, मैत्रीण, कुणीही सज्ञान आणि तयार व्यक्ती चालते. पहिल्याच दिवशी हा कागद करून फाईलला लावा, म्हणजे "नातेवाईक आणा, मगच भरती" हा अडसर जातो. ज्या भावाने घरातून हाकललं त्याचीच सही मागायला रुग्णाला पाठवणं हा मला तर निव्वळ छळ वाटतो.

त्याच कायद्याचं कलम २० वाचून कर्मचाऱ्यांच्या खोलीत चिकटवा. सक्तीने डोकं भादरता येत नाही, आणि स्वतःचे कपडे घालायचे असतील तर केंद्राचा गणवेश लादता येत नाही. किती केंद्रांत आजही "उवा होतात" म्हणून केस कापतात आणि साडीच्या जागी पायजमा देतात! वर्षानुवर्षं वाढवलेले केस गेले की ती रुग्ण बाहेर पडून कमावणार कशी, हा विचार कुणी करत नाही. कलम १८ लिंगावरून भेदभाव न करता उपचार मिळण्याचा हक्क देतं. आणि स्वतःहून दाखल झालेल्या रुग्णाने सोडा म्हटलं तर सोडावं लागतं. कलम ८८ मध्ये ठरावीक कारणांसाठी तपासणीपुरतं जास्तीत जास्त २४ तास थांबवता येतं. गेटला कुलूप हा उपाय नाही.

वॉर्डाचं म्हणाल तर चार गोष्टी आधीच ठरवा: नाव, खाट, न्हाणी, झडती. फाईलवर आधारचं नाव असू द्या, पण हाक, हजेरी आणि गोळ्यांच्या तक्त्यावर ती सांगेल ते नाव. खाट कुठे हवी हे तिलाच विचारा. स्त्रियांचा वॉर्ड नसेल तर पुरुषांच्या वॉर्डाच्या टोकाला, नर्सच्या टेबलाजवळ, आणि न्हाणीला आतून चालणारी कडी. झडती कुणी घ्यायची हेही तिनेच सांगायचं. गटचर्चेत पहिल्या आठवड्यात "तुझी कहाणी सांग" हा आग्रह नको, कारण वीस पुरुषांसमोर ती कहाणी म्हणजे त्यांची करमणूक होते आणि रात्री वॉर्डात टोमणे सुरू होतात. तोवर तिच्या एकटीशी बसून बोला.

औषधांचा भाग डॉक्टरांचा असला तरी माहिती तुम्हीच काढून द्यायची असते, कारण डॉक्टरांना ती सांगितली जात नाही. हार्मोनच्या नावाखाली काय चालू आहे ते पाकीट आणायला लावून बघा. पुष्कळ जणी दुकानातून माला-डीसारख्या गर्भनिरोधक गोळ्या आणून दिवसाला मूठभर घेतात. त्यातलं इथिनिल इस्ट्राडायोल त्या मात्रेत रक्ताच्या गुठळ्यांचा धोका वाढवतं, विडी-सिगारेट असेल तर आणखी. एकाच पायाची पोटरी सुजून दुखायला लागली किंवा अचानक दम लागला तर तडक मोठ्या रुग्णालयात. पुरुषी हार्मोन रोखणारं स्पायरोनोलॅक्टोन चालू असेल तर मुद्दाम लिहून द्या. यकृत बिघडून पोटात पाणी झालेल्याला डॉक्टर तेच औषध लिहितात आणि नकळत मात्रा दुप्पट होते, रक्तदाब पडतो, पोटॅशियम वाढतं. त्याच कामाचं सायप्रोटेरोन यकृताला त्रास देऊ शकतं. पण हे सगळं बघून "आधी हार्मोन बंद, मग उपचार" अशी अट घालू नका. बहुतेक जणी हार्मोन ठेवतील आणि तुम्हाला सोडतील. डॉक्टरांकडून सुरक्षित प्रकार आणि मात्रा बदलून घ्या.

डायसल्फिरम, म्हणजे वर दारू प्यायलं तर त्रास होतो ती गोळी, तिच्याबाबत एक गोष्ट हमखास सुटते. लैंगिक आजारांच्या सरकारी किटपैकी काहींत मेट्रोनिडॅझोल किंवा सेकनिडॅझोल असतं. डायसल्फिरमसोबत मेट्रोनिडॅझोल गेलं तर रुग्णाला भ्रम, वेडसरपणा येऊ शकतो. धंदा करणारीला हे किट कधीही मिळू शकतं, तेव्हा कार्डावर ठळक लिहा. यकृताची तपासणी केल्याशिवाय आणि गोळी समोर देणारं माणूस असल्याशिवाय डायसल्फिरम नकोच. यकृत खराब असेल तर दारूची ओढ कमी करणाऱ्या अकॅम्प्रोसेटचा विचार होतो, त्यासाठी मूत्रपिंड तपासावं लागतं. त्याच कामाचं नालट्रेक्सोन चालू करण्याआधी ब्राऊन शुगर किंवा इतर अफूजन्य नशा नाही ना, याची खात्री हवी. झोपेच्या गोळ्या किती घेत होती तेही विचारा, त्या एकदम तुटल्या तरी झटके येतात. एआरटी, म्हणजे एचआयव्हीची औषधं, चालू असेल तर दाखल होताना निदान महिन्याचा साठा बरोबर हवा.

डेऱ्यात "उद्यापासून बंद" असा हुकूम निघतो, तो धोक्याचा. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तुटली की ६ ते २४ तासांत कंप आणि घाम, पहिल्या दोन दिवसांत झटके, आणि साधारण ४८ ते ९६ तासांत भ्रम, ताप, भास. यात माणूस दगावतो. डेऱ्यातल्या सगळ्यांना एवढं तरी शिकवून ठेवा: झटका आला किंवा बरळायला लागली तर थेट रुग्णालयाचा अपघात विभाग, आणि तिथे "ही रोज पिणारी आहे" हे सांगायचं, म्हणजे ग्लुकोजच्या सलाइनआधी थायमिन (बी-१ जीवनसत्त्व) दिलं जाईल.

बाहेर पडल्यानंतरचे पंधरा दिवस सगळ्यात अवघड, कारण दारू इथे कामाचं हत्यार असते. गर्दीच्या डब्यात शिव्या खात हात पुढे करायला, नको त्या गिऱ्हाइकासोबत तासभर काढायला ती लागते. गिऱ्हाईक स्वतःही पाजतं. काम तेच, वेळ तीच, आणि दारू मात्र नको, हे जमत नाही. दुसरं काम लगेच मिळत नसेल तर निदान कामाची वेळ आणि जागा बदलून बघा: रात्रीऐवजी सकाळचा बाजार, एकटीऐवजी न पिणाऱ्या सोबतिणीबरोबर, पोट भरून निघणं, आणि पैसे हातात न ठेवता संध्याकाळी विश्वासाच्या माणसाकडे. गिरिया, म्हणजे तिचा जोडीदार, पितो का, पैसे काढून घेतो का, मारतो का, हे तीन प्रश्न डिस्चार्जआधी एकटीला गाठून विचारा. घरी तो बाटली घेऊन बसलेला असेल तर तुमचा महिना वाया.

राहण्याची सोय नसेल तर केंद्र सरकारच्या स्माइल योजनेतली गरिमा गृहं आहेत. ती निवारागृहं आहेत, तिथे व्यसनाचा उपचार नसतो, म्हणून प्रवेशाच्या अटी आणि रिकामी जागा डिस्चार्जच्या दोन आठवडे आधी फोन करून विचारा. तृतीयपंथीयांच्या हक्कांसाठीच्या २०१९ च्या कायद्याखालचं ओळख प्रमाणपत्र जिल्हाधिकारी देतात, अर्ज राष्ट्रीय पोर्टलवर. वेळ लागतो, तेव्हा हा अर्ज रुग्ण खाटेवर असतानाच भरून टाका. महाराष्ट्रात संजय गांधी निराधार अनुदान योजनेत तृतीयपंथीयांचा समावेश आहे, तहसील कार्यालयात अर्ज होतो. महिन्याला १,५०० रुपयांत भाडंही भागत नाही, पण सावकाराच्या व्याजाला टेकू होतो. कुठल्याही एका संस्थेवर सगळा भार टाकू नका: २०२५ च्या सुरुवातीला अमेरिकी निधी थांबला तेव्हा हैदराबाद, कल्याण आणि पुण्याची तृतीयपंथीयांसाठीची मित्र क्लिनिक एकदम बंद पडली. रुग्णाच्या कार्डावर नेहमी दुसरं ठिकाणही लिहिलेलं हवं, शिवाय नशामुक्तीचा १४४४६ आणि मानसिक आरोग्याच्या टेलिमानसचा १४४१६ हे दोन्ही मोफत क्रमांक.

ट्रान्स पुरुषांचं चित्र वेगळं असतं. त्यांना ना डेरा, ना गुरू. बहुतेक जण घरातच अडकलेले, लग्नाचा धोशा मागे. त्यांच्या कागदावर देणी कमी आणि पहारा जास्त दिसतो. घरी पत्र किंवा फोन जाण्याआधी दहा वेळा विचार करा आणि संपर्कासाठी मित्राचा नंबर घ्या.

फेरतपासणीची वेळ दुपारी एक ते चार ठेवा, सकाळ आणि संध्याकाळ कमाईची असते. पहिल्या महिन्यात आठवड्यातून एकदा, येण्याजाण्याचं भाडं केंद्राने द्यावं. फोन नंबर सारखे बदलतात, म्हणून दोन सोबतिणींचे नंबर रुग्णाच्या संमतीने घेऊन ठेवा. एखादी पिऊन आली तर तिला दारातून परत पाठवू नका. चार रकान्यांचा तो कागद काढा आणि मागच्या आठवड्यात कोणती तारीख चुकली ते दोघं मिळून शोधा.