प्रत्येक भाषेत मोठी हो

प्रिय,

नाट्यशाळेत तुला उच्चार ‘स्वच्छ’ करायला सांगितले, आणि निवड चाचणीत तू पुरेशी परकी वाटत नाहीस म्हणून नाकारले. आता आईची, वडिलांची आणि शाळेची भाषा यांपैकी एक ठेवून बाकीच्या सोडाव्यात का, असे तू विचारतेस. एकही सोडू नकोस. मात्र तिन्ही ‘येतात’ हे तुझे म्हणणे मला मान्य नाही. वडिलांच्या भाषेत तू अजून सहा वर्षांची आहेस: खायला मागतेस, रुसतेस, झोपायला जातेस. त्या भाषेत कर्ज मागता येते का? शपथेवर खोटे बोलता येते? भूमिकेला नेमके तेच लागते. म्हणून प्रत्येक भाषेत मोठी हो.

अमेरिकी नट विगो मॉर्टेन्सन यांचे बालपण स्पॅनिश बोलणाऱ्या अर्जेंटिनात गेले आणि वयाच्या अकराव्या वर्षाच्या सुमारास ते तेथून निघाले. तरीही २००६ मध्ये त्यांनी स्पॅनिश चित्रपटात सतराव्या शतकातील सैनिकाची मध्यवर्ती भूमिका केली. लहानपणीच्या बोलीवर तो सैनिक उभा राहिला नसता.

दोन संस्कृतींच्या घरात वाढलेले मूल कोणासमोर किती वाकायचे, कोठे आवाज चढवायचा, हे लवकर ओळखते. ही निरीक्षणशक्ती नटाला मिळालेले मोठे भांडवल आहे, पण तिच्यातूनच समोरच्याला हवे तसे होऊन दाखवण्याची सवयही लागते, आणि तुझ्या ध्वनिफितीत मला अभिनयापेक्षा ती सवयच अधिक ऐकू आली. (रागावू नकोस.)

नाव बदलावे का, यावर मी उपदेश करणार नाही. कृष्ण भानजी यांनी बेन किंग्जली हे नाव घेतले आणि १९८२ मध्ये पडद्यावर गांधी साकारले. बदललेल्या नावाने त्यांचे काही अडले नाही. अडते ते भाषा अर्धवट राहिली की. मेक्सिकोत जन्मलेले हॉलिवूडचे नट अँथनी क्विन पडद्यावर १९६२ मध्ये अरब टोळीप्रमुख झाले आणि १९६४ मध्ये झोर्बा नावाचा ग्रीक. ते थोर होते म्हणून त्यातून माणसे उभी राहिली. इतरांच्या वाट्याला मात्र ‘कुठला तरी परदेशी’ एवढेच येते. तशा भूमिका मी नाकारल्या आणि आवाज देण्याच्या कामांवर घर चालवले. लोक त्याला अहंकार म्हणतात. म्हणोत, त्या कामांतच मला माझ्या भाषांमध्ये भांडता येऊ लागले, आणि पुढे मिळालेली प्रत्येक चांगली भूमिका त्या भांडणांतूनच आली.

पुढचे पत्र वडिलांच्या भाषेत लिही आणि त्यात माझे म्हणणे खोडून काढ. ती भाषा मला येते. चुका मी दाखवीन.