ॲपवर चॅनेल रिकामा दिसतो, तरी वायफाय तुटतं. स्पेक्ट्रम ॲनालायझरवर व्यत्यय कुणाचा हे कसं ओळखायचं?

तुमचं ॲप चुकत नाहीये. त्याला फक्त वायफाय ओळखता येतं. ओव्हन, ब्लूटूथ, वायरलेस कॅमेरा हे सगळं त्याच्या लेखी नाहीच. ॲनालायझर, म्हणजे कोणत्या फ्रिक्वेन्सीवर किती सिग्नल आहे ते दाखवणारं यंत्र, घेतलात हे बरंच केलंत.

२४०० ते २५०० मेगाहर्ट्झ लावा आणि वॉटरफॉल (वेळेनुसार सिग्नल कसा बदलतो ते दाखवणारा, सरकत जाणारा रंगीत आलेख) चालू ठेवा. नुसत्या मॅक्स होल्डवर (प्रत्येक फ्रिक्वेन्सीची आतापर्यंतची सर्वात उंच पातळी धरून ठेवणारी रेघ) विसंबू नका. सेकंदाला १६०० उड्या मारणारं ब्लूटूथ त्यात थोड्या वेळात जवळजवळ अख्खा बँड भरून टाकतं आणि उगाच तेच गुन्हेगार वाटतं. किती उंच यापेक्षा किती वेळ, हे बघायचं. वायफाय म्हणजे साधारण २० मेगाहर्ट्झ रुंद, सपाट माथ्याचा डोंगर. झिगबी (स्मार्ट दिवे, सेन्सर वगैरेंचं वायरलेस) जेमतेम २ मेगाहर्ट्झचा, जागचा न हलणारा. सगळ्यात वाईट ॲनालॉग व्हिडिओ सेंडर, म्हणजे वायरशिवाय चित्र पाठवणारं उपकरण: वॉटरफॉलवर अखंड उभा पट्टा. वायफाय बोलण्याआधी ऐकतं, आणि हा कधी गप्पच बसत नाही.

ओव्हनचा संशय असेल तर २४५० वर झीरो स्पॅन लावा (एकाच फ्रिक्वेन्सीवर थांबून वेळेनुसार पातळी बघणं), स्वीप, म्हणजे स्क्रीनभरचा वेळ, १०० मिलिसेकंद. वीज ५० हर्ट्झची असेल तर साध्या ओव्हनचे उंचवटे दर २० मिलिसेकंदांनी येतात, स्क्रीनवर पाच. मध्ये मोकळी जागा. एकदा पाहिलं की विसरत नाही.

मला सर्वात जास्त छळलं ते यूएसबी ३ च्या हार्ड डिस्कने. कुठेच उंचवटा नव्हता, सगळं स्वच्छ. शेवटी अँटेना डिस्कच्या केबलजवळ नेली, तर अख्खा नॉइज फ्लोअरच (सिग्नल नसतानाही दिसणारी तळाची गोंगाटाची पातळी) वर सरकला. हातभर मागे घेतली की पुन्हा खाली. लॅपटॉपची अँटेना त्या केबलच्या शेजारीच होती. डिस्क लांब ठेवली, लॅपटॉप ५ गिगाहर्ट्झवर नेला, त्रास संपला. म्हणून शिखरांइतकंच तळाकडेही लक्ष द्या.

उगम शोधताना अँटेना छातीशी धरून जागच्या जागी हळूहळू फिरा. सिग्नल सर्वात कमी होईल तेव्हा उगम तुमच्या पाठीमागे असतो, कारण शरीर मध्ये आडवं येतं. खोलीत भिंतींवरून परावर्तन होतं, त्यामुळे तीन-चार जागी करून बघा. खूप जवळ गेलात की ॲनालायझरच ओव्हरलोड होऊन नसलेले सिग्नल दाखवतो. अँटेनेपाशी १० डीबीचा अटेन्युएटर (सिग्नल ठरावीक प्रमाणात कमी करणारा छोटा जोड) लावा: खरा सिग्नल १० नेच उतरेल, आतच तयार झालेला त्याहून बराच जास्त.

संशयित सापडला की तो बंद करून वॉटरफॉल बघा, मग पुन्हा चालू करा. दोन-तीनदा तरी. तोवर नेट तुटेल त्या क्षणाचा वॉटरफॉलचा फोटो इथे टाका, वेळेसकट. मी बघून सांगतो.